जोगच्या जंगलातली गोचीड

जोगचा धबधबा पाहावा तो पावसाळ्यातच. सागर-सोरबची जंगलं पायी फिरायला मात्र बरेचजण डिसेंबरनंतर निघतात; वाटा कोरड्या, जळवा नाहीत. नेमक्या याच दिवसांत पाचोळ्यात गोचिडींची पिल्लं असतात, खसखशीच्या दाण्याएवढी.

सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडं मरू लागली आणि माणसं तापाने फणफणली. गोचिडी चावून होणारा हाच तो माकडताप. पुढे तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडेही आला. तिथे काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच, त्यामुळे बागेत जाणं टाळता येत नाही.

आपण पाहुणे, आपल्याला काळजी घेणं सोपं आहे. पँट मोज्यांत खोचा (फोटोत शोभत नाही, चालेल). पाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर लांब राहा आणि आरोग्य केंद्राला कळवा. मुक्कामी आल्यावर अंघोळ करा, मुलांच्या कानामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली पाहा. कुत्रं सोबत असेल तर त्याचे कान, पट्ट्याखालची जागा आणि बोटांच्या बेचक्या तपासा.

चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. रॉकेल, पेटती काडी, नखाने चिरडणं यातलं काही नको. आठवडाभरात अचानक ताप आला, डोकं आणि अंग दुखू लागलं, तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं आधी सांगा. इंदूर-पुण्याच्या दवाखान्यात माकडताप चटकन कुणाच्या मनात येत नाही.