शनिवार तेल्यांची यादी

मागं पडत गेलेल्या गोष्टींची ही यादी. शनिवारी बंद राहणारा घाणा. कुलाबा जिल्ह्यात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, तेल गाळत आणि शनिवारी बैल जुंपत नसत. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. लोक इस्रायलला गेले म्हणून घाणा बंद पडला नाही. पोरं त्याआधीच मुंबईत पलटणीत, कचेऱ्यांत शिरली होती.

मशीद. जुनी माणसं सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनागृहाला, हेच म्हणत. मुंबईतलं पहिलं मांडवीत उभं राहिलं, १७९६ साली. बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. आपल्या लोकांत सामाजी हसाजी.

सणांची नावं. नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. कोचीनचे ज्यू शिक्षक कोकणात आले तेव्हापासूनच ही मागं पडू लागली होती. बिरड्याच्या रोजाचं मला फार वाटतं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुखवट्याचा तो उपास, आणि नाव वालाच्या बिरड्याचं. ज्या गावासाठी रडायचं ते दोन हजार मैलांपलीकडे असताना रोजा कोकणातला होता. आता इस्रायलमध्ये राहून ते गाव बसने गाठता येतं, तर बिरडं नावातून गेलं.

पुण्याची हग्गादा, १८७४. वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी. एकीकडे हिब्रू, एकीकडे मराठी. चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. प्रती संग्रहालयांत नीट जपलेल्या आहेत, म्हणजे वाचून संपल्या.

ळ आणि ण. हिब्रू लिपीत दोन्ही नाहीत. वाकरुळकर, पेणकर इस्रायलमध्ये पाटीवर कसे लिहिले जात असतील ते लिहिणाऱ्याला ठाऊक. गावं मात्र आडनावांत टिकली आहेत, रोहे, नागाव, किहीम; गावांत ती आडनावं फारशी उरली नाहीत.

अब्राहाम आणि योसेफ यांच्यावरचं मराठी कीर्तन. टाळ, अभंगाची चाल, मध्ये हिब्रू. ऐकणारे म्हातारे झाले.

(मलिदा यादीत नाही. पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव: लोद, अश्दोद, दिमोना, सगळीकडे तो जोरात आहे.)

परत येण्याची हौस. हिच्याबद्दल कमी बोललं जातं. ज्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं, पोग्रोम नव्हता, वाळीत टाकणं नव्हतं, असे हे लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. आणि १९५१-५२ मध्ये त्यांतल्या काहींनी तिथेच ठिय्या दिला, आम्हाला हिंदुस्थानात परत पाठवा. काम, घर, वागणूक, सगळ्याची तक्रार. त्यांना परत आणण्यात आलं. पुढे त्यांतले बरेचसे पुन्हा गेले. या येरझाऱ्यांत मला चंचलपणा दिसत नाही. दोन घरं असलेला माणूस एका घरात रुसला की दुसऱ्याची आठवण काढतो. आजच्या नातवंडांना रुसून जायला इथे घर नाही. ती लष्करी नोकरी संपवून गोव्याला फिरायला येतात.

आजीची चौकशी. १९६२ मध्ये तिथल्या रब्बींनी फर्मान काढलं: बेने इस्रायलींचं लग्न दुसऱ्या ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या आईकडची वंशावळ तपासा. कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळलेल्यांना हे विचारायचं! १९६४ च्या उन्हाळ्यात लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, ऑगस्टमध्ये संसदेने त्यांना पूर्ण ज्यू ठरवलं आणि रब्बींना फर्मान बदलावं लागलं. स्थलांतरितांना कवटाळण्यासाठीच जन्मलेल्या देशातही दारावरचा माणूस कागद मागतोच. त्या धरण्यातले लोक आता ऐंशी-नव्वदीला टेकले असतील.

'इतर'. स्वातंत्र्याच्या सुमारास इथे बेने इस्रायली वीसेक हजार होते. आता पाच हजारांच्या आत. २०१६ मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर सरकारी अर्जात धर्मापुढे त्यांना 'इतर'वर खूण करावी लागे. हा रकाना गेल्याचं कुणालाही वाईट वाटलेलं नाही.