नव्या हंगामाआधी मालवणात

ऑगस्ट संपत आला की कोकणातला पाऊस जरा दम घेतो आणि मालवणच्या किनाऱ्यावर लगबग सुरू होते. पर्यटकांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात. एक सप्टेंबर जवळ आला की होड्यांवरच्या झावळ्या आणि ताडपत्र्या निघतात, रंगाचे डबे उघडतात. माझा भाचा तिथे स्कूबा डायव्हिंगच्या होडीवर कामाला आहे. गेल्या वर्षी कचेरीतून चार दिवसांची रजा काढून बहिणीकडे गेलो, तेव्हा ही तयारी जवळून पाहता आली.

समोर सिंधुदुर्ग किल्ला. त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. त्याच्या आसपासच्या खडकांजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेतात. पोहता न येणारा माणूसही भाच्याच्या हाताच्या आधाराने खाली जातो, मासे पाहतो आणि हसत वर येतो. ते हसू ज्या सामानावर अवलंबून असते, ते सारे पडवीत मांडून ठेवले होते.

बहुतेकांची समजूत असते की पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो. मीही तसेच म्हणालो. भाचा हसला. "मामा, ऑक्सिजन नाय, साधी हवाच. दाबून भरलेली." साधारण ११ लिटरच्या सिलिंडरात २०० बार दाबाने हवा भरली की ती होते २२०० लिटर. मी बी. कॉम. झालेला कारकून, लगेच हिशेब मांडला. माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरले, तर ही हवा ११० मिनिटे पुरेल. पण दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, हवाही दुप्पट लागते. म्हणजे ५५ मिनिटे. त्यातून ५० बार शिल्लक ठेवूनच वर यायचे, म्हणजे उरली जेमतेम ४१ मिनिटे. घाबरलेला माणूस तर याहून जोराने श्वास घेतो. शिल्लक राखून खर्च करणे आपल्या घरात नवे नाही. इथे मात्र उधारी मिळत नाही.

तयारीला पहिला हात सिलिंडरला. वरची कळ काढून आत बॅटरीचा उजेड सोडायचा आणि गंज किंवा ओल दिसते का ते पाहायचे. पावसाळ्यात सिलिंडर पूर्ण रिकामा ठेवत नाहीत. थोडी हवा आत असली की दमट हवा शिरत नाही. ठरलेल्या वर्षांनी त्याची पाण्याच्या दाबाने चाचणी होते आणि ती तारीख अंगावर ठोकलेली असते.

मग रेग्युलेटर. सिलिंडरातली जोरकस हवा श्वासापुरती सौम्य करून तोंडाशी देणारे हे यंत्र. त्याचा तोंडात धरायचा रबरी भाग दातांनी फाटला आहे का, नळी टोकाशी वाकवल्यावर चिरा दिसतात का, हे पाहतात. मग जोडून पाण्याच्या टबात बुडवायचे. बुडबुड्यांची बारीक माळ निघाली की कुठली तरी छोटी रबरी रिंग गेली आहे असे समजायचे. चार-दोन रुपयांसारखी दिसणारी ती रिंग, पण माणसाचा श्वास तिच्यावर!

हवा भरायचे जाकीट रात्री फुगवून ठेवले होते. सकाळी एक जाकीट मऊ पडलेले सापडले, ते बाजूला गेले. वेटसूटवर बुरशीचे ठिपके होते, ते बहिणीने गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घातले. कॉम्प्रेसरचे तेल आणि फिल्टर बदलले. त्याची हवा ओढणारी नळी धुराच्या तोंडापासून लांब, वाऱ्याच्या दिशेला हवी. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू सिलिंडरात गेला तर त्याला वास नसतो, आणि पाण्याखाली चक्कर आली तर सांगायचे कोणाला?

तिसऱ्या दिवशी वाद झाला. दोन सिलिंडरांची चाचणीची मुदत उलटली होती. भाच्याने त्यांच्यावर लाल खडूने फुली मारली. मालक म्हणाले, "एवढा सिझन जाऊंदे, दिवाळीनंतर बघू." त्यांचेही खोटे नव्हते, तीन महिने कमाई नव्हती, कर्जाचे हप्ते होते. भाच्याच्या घरीही चूल त्याच हंगामावर पेटते. दोन सिलिंडर कमी म्हणजे रोज तितके पर्यटक कमी. बहीण दाराआड उभी राहून ऐकत होती. भाचा हळूच म्हणाला, "दर्या कोणाची ओळख ठेवणा नाय. ह्या सिलिंडरावर मी कोणाक नेऊचंय नाय." बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मालकांनी दोन्ही सिलिंडर टेम्पोत चढवून चाचणीला पाठवले.

माझ्या हातून एकच काम झाले. बाजारातून जाड वही आणून रकाने आखले: सिलिंडरचा नंबर, चाचणीची तारीख, रेग्युलेटरची दुरुस्ती, तपासणाऱ्याची सही. तोंडी आठवणीपेक्षा वहीतली नोंद बरी.

वाचकहो, मुलाबाळांना घेऊन तुम्ही तिकडे गेलात तर घाई करू नका. पावसाचा गढूळपणा ओसरला की पाणी हळूहळू निवळते. सिलिंडरची तारीख विचारायला लाजू नका. सर्दी, दमा, कानाचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर लपवू नका. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नका. वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. आणि सोबतच्या पोराने "आज नको" म्हटले, तर पैसे वाया गेले म्हणून त्याच्यावर रागावू नका.

दिवाळीत माझी मुलगी मामेभावंडांना सोडून आतेभावाबरोबर प्रथमच पाण्याखाली गेली. होडीत चढण्याआधी मी वही मागितली. तिच्या सिलिंडरच्या नंबरापुढे ताजी तारीख होती, आणि खाली भाच्याची सही.