पिस्टनचं तेलपाणी

आषाढात बँडवाल्यांचे हात मोकळे असतात. लग्नाचे मुहूर्त उलटलेले, गणपती अजून लांब. दमट हवेत ट्रम्पेट पेटीत पडून राहतो आणि त्याचे पिस्टन अडून बसतात. बोटाने दाबला की खाली जातो, पण वर यायचं नाव नाही.

अशा वेळी जोर करू नये. वरची टोपी फिरवून पिस्टन सरळ उचलायचा. अंगावर वाळलेली लाळ, जुनं तेल आणि धूळ यांचं हिरवट-काळं किटण असतं. नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजलेलं सगळं गोड गोड याच चिखलातून आलेलं! कोमट पाणी, थोडा साबण, सुती फडकं, एवढं पुरतं. कढत पाण्याने वाद्यावरचा लॅकरचा थर उडतो. पितळेची पॉलिश तर पिस्टनच्या आसपासही नको. तिच्यातली बारीक खर धातू खाते, आणि इथे पिस्टन व नळी यांच्यातली फट केसापेक्षा बारीक.

तेल बसतं ते त्या फटीत. पिस्टन सरकता ठेवणं हे त्याचं अर्धंच काम; हवा गळू न देणं हे उरलेलं. म्हणून नव्या वाद्याला पाण्यासारखं पातळ तेल, झिजलेल्याला जरा दाट. घरातलं खोबरेल हाताशी असतं खरं, पण थंडीत ते थिजलं की भर वरातीत पंचाईत.

पिस्टन हा व्हॉल्व्हचा भाग. या व्हॉल्व्हचं पेटंट 1818 सालचं, प्रशियातल्या स्टोल्झेल आणि ब्लूमेल यांचं. त्याआधी ट्रम्पेटवाल्याची भिस्त मुख्यतः ओठांवर आणि मोजक्या सुरांवर. (आपल्या तुतारीला आजही पिस्टन नाही, आणि तिचं काही अडत नाही.) आता मधला पिस्टन अर्धा सूर उतरवतो, पहिला पूर्ण, तिसरा दीड. संगीतकार सी. रामचंद्रांच्या 1951च्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट या गोव्याच्या वादकाचा ट्रम्पेट ऐकावा, ती चपळाई बोटांची, तशीच निम्मी तेलाची, असं मला वाटतं.

परत बसवताना नंबर बघायचे. पिस्टनवर 1, 2, 3 कोरलेलं असतं. अदलाबदल झाली किंवा पिस्टन खाचेत नीट बसला नाही, की हवेची वाट बंद. फुंकून गाल फुगतात, आवाज शून्य. नवशिका घाबरून दुरुस्तीवाल्याकडे धावतो. दुरुस्तीवाला पिस्टन जरासा फिरवतो, ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो पैसे घेतो ते त्या ‘टक्’चे.