कोलंबियाचा अभिमान आणि हार्लेमचा सवाल

कोलंबिया विद्यापीठाचं नाव आमच्या घरात आदरानेच घेतलं जातं. 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब तिथे शिकले. 1952 साली त्याच विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. देऊन गौरवलं. हा अभिमान मलाही आहे. पण ज्या विद्यापीठाला आपण आपलं मानतो, त्याच्या शेजाऱ्यांचं काय झालं, हेही आंबेडकरी माणसाने विचारलं पाहिजे.

कोलंबिया न्यूयॉर्कमध्ये एका टेकाडावर आहे आणि खाली हार्लेम, कृष्णवर्णीयांची वस्ती. 1968 साली मधल्या सार्वजनिक बागेच्या जागेत विद्यापीठ व्यायामशाळा बांधायला निघालं. शहर प्रशासनाने जागा दिली होती. आराखड्यात विद्यापीठाचं दार वर आणि हार्लेमच्या लोकांचं दार खाली, तेही इमारतीच्या थोड्याशा भागापुरतं. दोन दारांचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. विद्यार्थी आणि हार्लेमकर रस्त्यावर उतरले आणि ती व्यायामशाळा रद्द झाली.

2003 मध्ये विद्यापीठाने पश्चिम हार्लेममधल्या मॅनहॅटनव्हिल भागात 17 एकरांवर नवं संकुल उभारायचं ठरवलं. आता दोन दारं नव्हती. आता रीतसर प्रक्रिया होती, बैठका होत्या, सुनावण्या होत्या. आपल्याकडच्या प्रभाग समितीसारखं तिथे कम्युनिटी बोर्ड असतं. तिथल्या बोर्ड क्रमांक 9 ने लोकांशी बोलून स्वतःचा पर्यायी आराखडा तयार केला होता. विद्यापीठाने वाढावं, पण कुणाला जबरदस्तीने न हटवता, ही त्यातली भूमिका. ऑगस्ट 2007 मध्ये बोर्डाने विद्यापीठाच्या प्रस्तावाविरुद्ध 32 विरुद्ध 2 असं मत दिलं. पण बोर्डाचं मत फक्त सल्ला असतं. डिसेंबरमध्ये शहराच्या परिषदेने विद्यापीठाचा प्रस्ताव मंजूर केला.

पुढे राज्याच्या विकास संस्थेने हा परिसर ‘मोडकळीला आलेला’ ठरवला, म्हणजे सक्तीने संपादनाचा मार्ग खुला. ज्या सल्लागार कंपनीने पाहणी केली, ती विद्यापीठासाठीही काम करत होती! दोन पेट्रोल पंप असलेलं एक शीख कुटुंब आणि एक गोदाममालक कोर्टात गेले. 2009 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, 2010 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तो फिरवला.

मग हार्लेमकरांच्या हाती काहीच लागलं नाही का? लागलं. 2009 मध्ये विद्यापीठाला घरं, शिक्षण आणि रोजगार यांसाठी 15 कोटी डॉलरचा लेखी करार करावा लागला. तो पुरेसा होता का, यावर वाद आहे. पण संघटित नसते तर तेवढाही झाला नसता.

आता आपल्याकडे या. मी ज्या वस्तीत वाढलो, तिथल्या लोकांना आपल्या जागेवर आरक्षण पडल्याचं कळलं ते मोजणीवाले टेप घेऊन आले तेव्हा. हरकतींची मुदत केव्हाच संपली होती. नोटीस पेपरात छापून आली होती म्हणे! नगररचना कायद्यात हरकती-सूचना आहेत, 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक आघात मूल्यांकन आहे. पण नकाशा वाचायला कुणी शिकवत नाही.

काही मित्र म्हणतील, विद्यापीठं वाढली तर आपलीच मुलं शिकतील. खरं आहे. वसतिगृहं हवीत, प्रयोगशाळा हव्यात. माझा विरोध विस्ताराला नाही. शेजारच्या वस्तीला विचारल्याचं नाटक करून आधीच ठरलेलं रेटण्याला आहे. सल्ला घेणं आणि संमती घेणं यांत फरक असतो.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून आपण 1994 पर्यंत लढलो, माणसं गमावली. फाटकावरच्या नावासाठी लढलेल्या समाजाने कुंपणाच्या रेषेकडेही लक्ष दिलं पाहिजे. आपल्या गावात, शहरात विद्यापीठाचा विस्तार येत असेल, तर प्रारूप आराखडा मागवा, विहारात बसून सगळ्यांना वाचून दाखवा, हरकत लेखी द्या, पोच घ्या. आणि घर, नोकरी, प्रवेश यांबद्दल जे आश्वासन मिळेल ते कागदावर, सहीशिक्क्यानिशी घ्या.

जय भीम!