सातव्या मजल्यावर मांजर येत नाही

आईचं माहेर दांडिया बाजारातलं. मामांचं घर विकून आता पंधरा वर्षं झाली, तरी महिन्यातून एकदा तिला तिकडे नेऊन आणावं लागतं. काम काहीतरी असतंच: कुणाची चौकशी, मेतकूट, उदबत्ती. खरं काम म्हणजे त्या गल्लीतून एक चक्कर. मी गोत्रीहून गाडी काढतो, बायको आणि सात वर्षांची लेक मागे बसतात. येताना सेव-उसळ खायची हे लेकीशी ठरलेलं.

दिवाळीनंतरच्या अशाच एका रविवारी आईची एक जुनी मैत्रीण भेटली. शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून आम्हीही बाईच म्हणतो. घर जुनं, लाकडी जिना, पुढे ओटा. आत गेलो तर खोलीत नऊ मांजरं. सुटका करून आणलेल्या मांजरांना बाई बरं करतात आणि मग घर शोधून देतात. आई चहा घेत बसली आणि लेक एका करड्या मांजरीपुढे बसली. ती मांजर खिडकीत पाठ करून बसली होती आणि तिने अर्धा तास मान वळवली नाही. लेकीला तीच आवडली.

तिचं नाव पुरी. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मिळाली म्हणून पुरी. तो पूर बडोदेकरांना सांगायला नको. काळ्या घोड्याच्या पुलाजवळ पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं, वस्त्यांत शिरलेल्या मगरी पकडायला वनखात्याची माणसं फिरत होती. आमच्या मजल्यावर पाणी येण्याचा प्रश्न नव्हता, पण वीज गेली, लिफ्ट बंद, आणि मी लॅपटॉपची बॅटरी वाचवत बसलो होतो. त्याच दिवसांत सयाजीगंजात एका बंद दुकानाच्या पत्र्यावर ही मांजर बसून होती. पाणी ओसरल्यावर काही मुलांनी तिला उतरवून बाईंकडे आणलं.

घरी परतताना गाडीत मागणी आलीच. आईने तिथल्या तिथे निकाल दिला. "मांजर काय आणायचं असतं? ते येतं. आमच्या घरात किती मांजरं झाली, एकही कुणी आणलं नव्हतं."

हे अगदी खरं आहे. मला आजोळचा माळा आठवतो. तिथे दर दोन वर्षांनी कुठलीशी मांजर पिल्लं घालायची, त्यांना सात घरं फिरवायची, मग त्यातलं एखादं राहायचं. त्याला नाव मनी किंवा बोक्या. कुणी ठरवलं नाही, कुणी अर्ज भरला नाही. पण सातव्या मजल्यावर मांजर येत नाही. तिथे लिफ्टने आणावी लागते, आणि आणायची म्हटलं की ठरवावं लागतं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ठरवायचं म्हणजे एक्सेल उघडली. एका रकान्यात फायदे, दुसऱ्यात अडचणी. फायद्यांत "लेक" एवढंच लिहून झालं. अडचणी मात्र भराभर भरल्या. मे महिन्यात पुण्याला गेलो तर कोण बघणार? सोफा? बारा-पंधरा वर्षं जगली तर लेक इंजिनिअरिंगला जाईपर्यंत ही आपल्याकडे, मग? सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने आधीच "पाळीव प्राणी चालणार नाहीत" असं टाकलं होतं. त्याचं उत्तर सोपं निघालं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. तो कागद मी ग्रुपवर टाकला. त्यानंतर तिथे शांतता आहे. लिफ्टमध्येही.

बायकोचा मुद्दा गॅलरीचा होता. मी तिला वाचून दाखवलं की न्यू यॉर्कच्या एका पशुरुग्णालयातल्या डॉक्टरांनी उंचावरून पडून आलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ मध्ये छापली आणि त्यातली ९० टक्के वाचली. ती म्हणाली, "वाचतात म्हणून पाडायचं का?" जाळीवाल्याला फोन केला. बाईंचीही अट तीच होती: गॅलरी आणि खिडक्यांना जाळी बसल्याशिवाय मांजर मिळणार नाही.

खरी अडचण स्वयंपाकघराची होती. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आई देवघराशेजारच्या ओट्यावर सोवळं पाळत नसली तरी तिची काही भांडी वेगळी असतात, आणि तिथे मासळीचा वास ही कल्पनाच तिला सहन होईना. दुसऱ्या रविवारी ती बाईंना म्हणाली, "आमच्याकडची मांजरं दूधभात खायची. हीही खाईल."

"दूधभात खायची," बाई म्हणाल्या, "आणि माळ्यावरचे उंदीर खायची. ते तुला कुणी सांगत नव्हतं."

आई गप्प झाली. बाईंनी मग मला बाजूला घेऊन नीट समजावलं. कुत्र्याचं भाजी-पोळीवर कसंबसं निभतं, मांजराचं नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांसात आणि मासळीत असतो, तो मांजराच्या शरीराला पुरेसा तयार करता येत नाही. तो मिळाला नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय सुजून निकामी होतं. घरी येऊन मी शोधलं, तर टॉरिनअभावी होणारा हा हृदयविकार उलगडणारा शोधनिबंधही १९८७ चाच, कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांचा. माझं जन्मसालही तेच. मांजरांसाठी एकूण महत्त्वाचं वर्ष. दुधाबद्दलही आमचा भ्रम गेला: मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. आणि आपल्या डब्यात कायम असणारी तापाची पॅरासिटामॉल गोळी मांजराला विष आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. हे मात्र लगेच अमलात आणलं, गोळ्यांचा डबा वर गेला.

तरीही निर्णय होत नव्हता, आणि त्याला आणखी एक कारण होतं. पुरीच्या एका कानाचं टोक सरळ कापलेलं होतं. जखम नव्हे, शस्त्रक्रियेची खूण. रस्त्यावरच्या मांजराची नसबंदी केली की भूल उतरण्याआधी कानाचं टोक छाटतात, म्हणजे तिला पुन्हा पकडून पुन्हा पोट फाडायला नको. बाई म्हणाल्या, "म्हणजे पुराआधी तिला ओळखणारं कुणीतरी होतं. पिंजऱ्यात सहज गेली असणार ती. तिकडे विचारून या. कुणाची असेल तर तुमच्या लेकीच्या मांडीवरून परत घेताना मला जड जाईल."

माझ्या एक्सेलमध्ये हा रकाना नव्हता.

तर डिसेंबरातल्या एका सकाळी, सेव-उसळ आधी खाऊन, आम्ही चौघं कोठीवरून काळ्या घोड्याकडे निघालो. थंडीतलं बडोदं मला सगळ्यात आवडतं. कमाटीबागेच्या झाडांखाली धुकं असतं, फुगेवाले येतात, आणि घोड्यावर बसलेले सयाजीराव १९०७ पासून त्याच जागी आहेत. पुलावर गाडी बाजूला घेऊन लेकीला नदी दाखवली. हिवाळ्यातली विश्वामित्री म्हणजे खोल खड्ड्यात पडलेला एक हिरवट पट्टा. काठावरच्या चिखलात एक मगर उन्हाला पडली होती, तोंड उघडं. नदीच्या गाळाचाच एक तुकडा वाटावा अशी. "पुरी हिच्यापासून वाचली?" लेकीने विचारलं. आई म्हणाली, "मगरीपासून नाही, पाण्यापासून." मग स्वतःच थोडा वेळ खाली बघत राहिली.

पूल ओलांडून सयाजीगंज. मोठ्या रस्त्यावर हॉटेलं, कोचिंग क्लासेस, मोबाइलची दुकानं. तिथून नदीच्या बाजूला वळलं की उतार लागतो, आणि उतारावर परशुराम भठ्ठ्याची वस्ती. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी याच रस्त्याने स्टेशनला गेलो, एकदाही आत वळलो नव्हतो. भिंतींवर पुराची रेघ अजून दिसत होती. मातकट, सरळ, माझ्या डोक्याच्या वर हातभर. एका घराला नवा निळा रंग दिला होता, तोही रेघेपर्यंतच. वरचा जुना रंग चांगला होता, तो कशाला झाकायचा.

मोबाइलवरचा फोटो दाखवत विचारत गेलो. दोघांनी मान हलवली. एका मुलाने कान बघितला आणि चहाच्या लारीकडे बोट केलं. लारीवर साधारण आईच्याच वयाच्या एक बेन होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, पदराने मोबाइलची काच पुसली आणि म्हणाल्या, "जीवती छे?"

मग सगळं कळलं. मांजर त्यांची होती आणि नव्हती. तीन घरांत जेवायची, त्यांच्या लारीखाली झोपायची. दोन वर्षांपूर्वी काही मुलं पिंजरा लावून घेऊन गेली आणि चार दिवसांनी कान कापून सोडून गेली. तेव्हा त्या मुलांशी त्या कडाकडा भांडल्या होत्या. पाणी चढायला लागलं तेव्हा रात्र होती. नातवंडांना, गॅसच्या बाटलीला आणि कागदपत्रांच्या पिशवीला छपरावर चढवलं. मांजर हाकेला आली नाही. "अमे तो चढी गया," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य सोडून चहा गाळायला लागल्या.

मी माझं वाक्य तयार करून आणलं होतं. तुमची असेल तर परत आणून देतो. ते म्हणताना मला लेकीकडे बघवेना. बेननी नदीकडे हात केला. पुढच्या श्रावणात पुन्हा पाणी येईल, तेव्हा तिला कोण शोधेल, असं काहीसं त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे नीट पाहिलं: आईची काठापदराची साडी, लेकीचा स्वेटर, माझे बूट. आणि एकच प्रश्न विचारला.

"तमे तो दाळ-भातवाळा लागो छो. आने शुं खवडावशो?"

त्या तिला रोज मासळीचं डोकं द्यायच्या. स्वतःसाठी आणलं नाही तरी तिच्यासाठी बाजारातून मागून आणायच्या. दाळभातावर ठेवणार असाल तर नेऊ नका, हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. मी तयार खाद्याच्या पिशव्यांबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण प्रश्न मला नव्हता. त्या आईकडे बघत होत्या. घरात काय शिजतं हे कोण ठरवतं, ते त्यांना माझ्याकडे न बघताही कळलं होतं.

आईने बराच वेळ घेतला. माझी आई एका विधवा आत्याच्या हाताखाली वाढलेली, शेजारच्या घरात मासे तळले तर खिडकी लावणारी. तिला कुणी असं भर रस्त्यात विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बेन, हूं नहीं रांधूं," ती तिच्या मराठी गुजरातीत म्हणाली. "पण एने मळशे. छोकरो आपशे."

म्हणजे मी. हे मला तिथेच कळलं.

बेननी चहाचे पैसे घेतले नाहीत. फोटो मात्र आपल्या मोबाइलवर मागून घेतला, आणि दर महिन्याला एक पाठवायचा असं लेकीकडून कबूल करून घेतलं. निघताना आईने त्यांना विचारलं की घराची भरपाई मिळाली का. थोडी मिळाली, म्हणाल्या. गादी आणि शिवणयंत्र गेलं ते गेलंच.

बाईंचं म्हणणं, मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असतं. पहिले पंधरा दिवस एकाच खोलीत ठेवा, पलंगाखालून बाहेर येईना तर ओढू नका, वास ओळखीचा झाला की स्वतः येईल. शिवाय उत्तरायण होऊ द्या. गच्चीवरच्या भोंग्यांत आणि फटाक्यांत नवी जागा नको. म्हणून १६ जानेवारी ठरली. जाळी बसली आहे. लेकीच्या खोलीत मातीचं घमेलं आणि एक जुनी शाल ठेवली आहे. डॉक्टरांकडे रेबीजच्या लशीची तारीख घेतली आहे. मला अजून खात्री नाही. तिला लारीखालची जागा आठवेल का, सातव्या मजल्यावरून ती कशाकडे बघेल, हे रात्री मनात येतं. एक्सेल मी बंद केली, पुसलेली नाही.

परवा आई म्हणाली, मंगळ बाजारात ने. तिथे भांड्यांच्या दुकानात तिने स्टीलच्या दोन ताटल्या निवडल्या, बोटाने वाजवून, जाड बघून. घरातल्या भांड्यांत मिसळायला नकोत, म्हणून नाव घालून हवं होतं. आमच्या घरातल्या प्रत्येक पातेल्यावर नाव आहे, आजीचं, आईचं, माझ्या मुंजीची तारीख. दुकानदाराने यंत्र सुरू केलं आणि सुई धरून विचारलं, "बा, नाम शुं लखवानुं?"

"पुरी," आई म्हणाली.

"खावानी?"

"नहीं," आई म्हणाली. "घरनी."