भेंडी जून आहे!

आज तुम्हाला माझीच एक फजिती सांगणार आहे. हसू नका हं!

आमचं घर गोराईत. बोरिवलीतली गोराई नव्हे, खाडीपलीकडचं गोराई गाव. २०२० साली मी नववीत होतो. करोनामुळे शाळा बंद, आणि अभ्यासाच्या नावाखाली बाबांचा मोबाइल दिवसभर माझ्याच हातात!

१० सप्टेंबर २०२० रोजी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गेमच्या नव्या अवताराची झलक इंटरनेटवर आली. मूळ गेम २००३ सालचा, युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा. त्यातला राजपुत्र भिंतीवरून धावतो, आणि काही चुकलंच तर जादूच्या खंजिरानं चक्क काळ मागे नेतो! मामेभावाच्या कॉम्प्युटरवर तो खेळताना आम्ही जेवणसुद्धा विसरायचो.

पण नवी झलक पाहिली आणि माझा पार विरस झाला. चित्रं जुनाट वाटत होती. चेहरे तर मातीच्या बाहुल्यांसारखे! जगभरचे खेळाडू चिडले. मग मी कशाला मागे राहतोय? मीही लिहून टाकलं, “बनवणाऱ्यांना चित्रकलेत शून्य मार्क! परत बालवाडीत पाठवा यांना.” सकाळपर्यंत साठ जणांना ते आवडलं होतं. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

शेजारचा दादा मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. गेम बाजारात येण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. तेव्हा तो घरूनच काम करायचा. मी धावत जाऊन त्याला माझा पराक्रम दाखवला. वाटलं, पाठ थोपटेल.

तो हसला नाही. म्हणाला, “हा गेम कुठं बनतोय, ठाऊक आहे?”

“फ्रान्समध्ये?”

“मुंबईत आणि पुण्यात. युबिसॉफ्टचे इथे स्टुडिओ आहेत. तुझ्यासारखीच तो जुना गेम खेळत मोठी झालेली मुलं असतील त्यात.”

मी गप्पच झालो. माझ्या मनात गेम बनवणारे म्हणजे कुठल्या तरी दूर देशातले गोरे साहेब! ते माझं मराठी थोडंच वाचणार? आता वाटलं, अरे बापरे, कुणी बोरिवलीत राहत असेल तर?

“पण मग ते उत्तर का देत नाहीत?” मी विचारलं.

“देता येत नाही रे. कंपनीतल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत, असं लिहून दिलेलं असतं. खेळाडूंशी बोलायला वेगळी माणसं नेमलेली असतात. ती सगळं वाचतात, तक्रारींची यादी करतात आणि आमच्याकडे पाठवतात. पण वाचतो आम्ही सगळेच. रात्री झोप येईनाशी होते कधीकधी.”

मग त्यानं स्वतःचा अनुभव सांगितला. त्यांच्या एका गेमला पुष्कळांनी ‘भंगार’ म्हटलं होतं. पण भंगार म्हणजे नेमकं काय दुरुस्त करायचं? एका मुलानं मात्र लिहिलं, “तिसऱ्या पातळीवर होडीतून उडी मारली की गेम अडकतो. माझा फोन जुना आहे. चार वेळा असंच झालं.” दादानं तसाच जुना फोन घेतला, उडी मारली आणि गेम अडकला! दोन दिवसांत दुरुस्तीही झाली.

आई ओट्यावर भाजी निवडत ऐकत होती. आमची वाडी आहे, भाजी बोटीनं बोरिवलीला विकायला जाते. आई म्हणाली, “बरोबरच आहे. गिऱ्हाईक म्हणालं, भेंडी जून आहे, तर उद्या कोवळी तोडते. पण ‘काय कचरा आणलाय’ म्हणालं, तर मी काय करू?”

मी माझं वाक्य पुसायला निघालो, तर दादा म्हणाला, “टीका पुसू नकोस. नीट लिही.” मग मी लिहिलं, “भिंतीवरून धावणं छान वाटतंय. पण बोलताना राजपुत्राचा चेहरा हलत नाही, डोळे निर्जीव वाटतात.” ते फक्त दोघांना आवडलं!

गेमच्या दिग्दर्शकानं आधी सांगितलं होतं की, चित्रांची ही शैली मुद्दामच निवडली आहे. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की, खेळाडूंच्या प्रतिक्रिया पोहोचल्या आहेत, गेम आणखी पुढे ढकलत आहोत. मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये गेम रद्दच झाला.

टीकेनं सगळंच सुधारतं, असं नाही. पण पुण्याच्याच नोडिंग हेड्स या छोट्या कंपनीचा ‘राजी’ बघा. तो २०२० साली आला, आणि २०२२ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. लढाई सुधारली होती, वर हिंदी आवाजही!

‘प्रिन्स’ रद्द झाल्याची बातमी मी कॉलेजहून येताना बोटीत वाचली. वाईट वाटलं. पण या वेळी आधी आठवली ती मुंबई-पुण्यातली माणसं. त्यांनी काही वर्षं त्या राजपुत्रावर घालवली होती. माझं पहिलं वाक्य त्यांनी वाचलं असेल का? दुसरंही वाचलेलं असू दे, एवढंच वाटतं.