गाड्या सुट्या, रस अखंड

कोल्हापूर भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याने मला बोलावलं ते गाडीतळावरच्या रांगेसाठी. हंगाम भरात आला की ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्र रात्र तिष्ठत राहायच्या. तोडलेला ऊस ताटकळला की वजन घटतं, साखरेचा उताराही पडतो. ऊस उतरवायला आणखी एक क्रेन घ्यावी, असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे होता. पैसे घालण्याआधी संगणकावर सिम्युलेशन करून बघायचं, हे माझं काम.

रांगा तपासायची पद्धत आमच्या क्षेत्रात जुनी आहे. आयबीएममधल्या जेफ्री गॉर्डन यांची जीपीएसएस ही प्रणाली १९६१ची. तिच्यात प्रत्येक गाडी सुटी धरतात आणि घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं. गाडी आली, काट्यावर चढली, रिकामी झाली. मधला वेळ हिशेबात नाही. त्याच वर्षी एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांचं ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ आलं. त्यात सुट्या वस्तू नाहीतच; साठे आहेत आणि त्यांत येणारे-जाणारे प्रवाह आहेत. साठा किती वेगाने बदलतो? आवक वजा जावक. दोन्ही पंथ आपापल्या वाटेने वाढले. १९७४मध्ये ॲलन प्रिट्स्कर यांनी गॅस्प-४मध्ये दोन्ही एका प्रोग्रॅममध्ये बसवले.

साखर कारखान्याला तर दोन्ही लागतातच. बैलगाडीत दोन-तीन टन, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन, असा ऊस ठोकळ्याठोकळ्याने येतो. मिलकडे नेणाऱ्या गव्हाणीत पडला की गाड्यांची ओळख पुसली जाते. दिवसाला ५,००० टन गाळपाचा कारखाना म्हणजे तासाला सुमारे २०८ टन. पुढे रस, मग बाष्पीभवन, मग घट्ट सिरप. सगळं अखंड वाहतं. साखरेचा दाणा धरतो त्या भांड्यात, म्हणजे पॅनमध्ये, मात्र पुन्हा घाणे सुरू होतात. पॅन भरायचा, दाणा वाढवायचा, दोन-तीन तासांनी खाली सोडायचा.

नुसत्या गाड्यांचं मॉडेल क्रेनच्या बाजूने कौल देत होतं. पण गाडीतळावर उभं राहिलं की वेगळंच दिसायचं. रांग लागलेली असतानाच गव्हाण मंदावायची आणि हाताशी असलेली क्रेनही थांबून राहायची. पुढे कुठेतरी अडत होतं. म्हणून मी पॅन फ्लोअरवर चढलो.

तिथले पॅनमन मामा निवृत्तीला आलेले. पॅनमधून थोडा माल काढून काचेवर पसरायचे, ती काच दिव्यासमोर धरून दाणा बघायचे. सिरपची टाकी भरत आली की काय करता, असं मी विचारलं.

“रस कमी करा म्हणून खाली सांगतो. मिलवाले कुरकुरत्यात.”

“आणि टाकी जरा उतरली की लगेच वाढवता?”

“न्हाई ओ साहेब. पॅन पडल्याबिगर वाढवू देत न्हाई. न्हाईतर दर पाच मिनिटाला वर-खाली.”

मॉडेलमध्ये टाकीची पातळी अखंड चालणारं समीकरण होतं. ती वरच्या खुणेला टेकली की त्या क्षणी घटना घडणार: गाळप मंद. ही घटना कुठल्याही वेळापत्रकात नसते, पातळीतूनच जन्मते. म्हणून संगणकाला ती नेमकी कधी घडली हे शोधावं लागतं. मिनिटामिनिटाने पुढे सरकलं तर तो खूण ओलांडून जातो. आणि एकच खूण ठेवली तर मिल सारखी वेग बदलत राहते. मामांच्या नियमाने ते मिटलं: कमी करायची खूण वर, वाढवायची परवानगी पॅन पडल्यावर. उलट दिशेचा दुवाही घातला. गाळप मंदावलं की बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, कमी, बॉयलरला जळण कमी, वाफ कमी, आणि वाफेवाचून पॅन आणखी रेंगाळतो.

एवढं जोडल्यावर रांग समजली. दोन-तीन पॅन जवळजवळ एकाच वेळी भरलेले असले की सिरपला जागा उरत नाही. टाकी भरते, गाळप मंदावतं, आणि नेमक्या त्याच सुमाराला संध्याकाळच्या गाड्या तळावर उतरतात. नवी क्रेन घातल्यावर मॉडेलमधली रांग हटली नाही, नुसती तळावरून गव्हाणीच्या तोंडाशी सरकली. पॅन सोडायच्या वेळा मागेपुढे केल्या आणि तोडणीच्या चिठ्ठ्या दिवसभर विभागल्या, तेव्हा ती आखडली.

काय सुटं मोजायचं आणि काय वाहू द्यायचं, हे वस्तूवर ठरत नाही. १२ टक्के उताऱ्याने या कारखान्यात रोज ५० किलोची १२,००० पोती निघतात. पोती सुटीच, तरी मी ती प्रवाह म्हणून सोडून दिली, कारण गोदामाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. प्रत्येक बैलगाडी मात्र वेगळी ठेवली. कुणाचा ऊस किती तास थांबला, हा प्रश्न सरासरीने सुटत नाही.

क्रेनचा प्रस्ताव मंडळाने पुढच्या हंगामावर टाकला. पॅनच्या वेळा ठरवायला चीफ केमिस्टनी मामांना शेजारी बसवून घेतलं.